तिकिटाच्या पैशाला हात लावू नकोस

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू बेळगावहून संशोधनाच्या मदतीसाठी लावलेल्या गाण्याच्या कार्यक्रमाची वही घेऊन आलीस आणि चहा निवून गेला तरी कपाला हात लावला नाहीस. साऊंडवाला म्हणतो, पैसे नंतर द्या, तिकिटातून. बँडमधली पोरं म्हणतात, निदान येण्याजाण्याचं तरी सुटू दे. आणि तुझ्या मामांनी विचारलंय, संशोधनाला कशाला, एखाद्या पेशंटला द्या की. "काका, काय करू?" म्हणालीस. मी तेव्हा बोललो नाही. बोललो असतो तर आवाज चढला असता आणि तुझी शेवटची बस चुकली असती.

वहीच्या त्या पानावर वर जमा, खाली खर्च आणि त्याखाली वजाबाकी. उरेल ते बाळंतपणातल्या रक्तस्रावावरच्या संशोधनाला. पोरी, ती वजाबाकी खोड. तिकिटाच्या पैशाला हात लावायचा नाही. शंभराचं तिकीट खपलं तर शंभर पोचले पाहिजेत. खर्चाचा पैसा वेगळा उभा करायचा, आधी उभा करायचा, आणि उभा राहिला नाही तर कार्यक्रम करायचा नाही.

30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला. महिन्याभरात आमच्या ऑर्केस्ट्रानं निपाणीत मदतीचा कार्यक्रम लावला. मी तिकिटं घेऊन गल्ल्या फिरलो. विड्या वळणाऱ्या एका आजींनी पदराची गाठ सोडून दहाची नोट काढली. घड्या घालून घालून तिची बोटाच्या पेराएवढी पुडी झाली होती. उलगडली तर तंबाखूचा वास. तिकीट त्यांनी घेतलंच नाही. "मला कुठं जमतंय बाबा रातचं यायला, पोचीव तेवढं," एवढंच म्हणाल्या. कार्यक्रम जोरात झाला, वन्समोअर मिळाले. जमले साडेअठरा हजार. त्यातून स्पीकर, मंडप, जनरेटर, बाहेरच्या गायिकेची बिदागी, शाली, हार, रात्रीचं जेवण. हातात राहिले एकवीसशे. ते मी किल्लारीच्या मदतीला भरले. मी एक पैसा खाल्ला नाही, हे तुला मुद्दाम लिहितोय, कारण गावात तेव्हा वेगळं बोललं गेलं. पण आजींची नोट किल्लारीला गेली की शालीच्या दुकानात, हे मला आजही सांगता येत नाही. पुढं त्या बाजारात भेटत राहिल्या. "पोचलं न्हवं?" असं एकदाच विचारलं. मी हो म्हणालो.

त्यानंतर मी हट्ट धरला. काही वर्षांनी एका लहान मुलाच्या ऑपरेशनसाठी कार्यक्रम ठरला, तर आमच्या ऑक्टोपॅडवाल्यानं नाईट, म्हणजे एका कार्यक्रमाचे पैसे, मागितली. त्याची बाजू खोटी नव्हती. भाड्याचं घर, दोन लेकरं, महिन्याला चार नाईट मिळायच्या. मी म्हटलं, तिकिटातून मिळणार नाही. तो गेला, त्याच्यामागून कीबोर्डवाला गेला, सहा महिन्यांत ऑर्केस्ट्रा बंद पडला. लोक म्हणतात, यानं हेक्यापायी चांगला संच मोडला. मोडला. त्याची नाईट मी स्वतःच्या खिशातून द्यायला हवी होती, गरज पडली असती तर अकॉर्डियन विकून द्यायला हवी होती, हे मी कबूल करतो. तिकिटातून दिली नाही याचं मला वाईट वाटत नाही. आजही देणार नाही. तुझ्या पोरांना येण्याजाण्याचं दे, पोटभर जेवू घाल, वाजवणाऱ्याला उपाशी ठेवून पुण्य करायचं नसतं. फक्त ते दुसऱ्या पिशवीतून.

आता मामांचं. माझ्या आक्काला खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या पुढं दिली होती. 1979 च्या श्रावणात ती घरीच मोकळी झाली. मुलगा झाला आणि रक्त थांबेना. घोंगडीची झोळी करून चौघांनी तिला उचललं. ओढ्याला पाणी होतं. सडकेला लागायच्या आधीच ती गेली. सुईण नंतर माझ्या आईला सांगत होती, किती गेलं ते कळलंच नाही गं, गोधडी पीत राहिली.

ती गोधडी डोक्यात ठेवून पुढचं वाच. 2002 ते 2005 या काळात आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी, अमेरिकेतल्या संशोधकांसोबत, एक अभ्यास केला. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या 1620 बायका. मूल झाल्याबरोबर नर्सबाईनं मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या द्यायच्या. निम्म्या जणींना खरं औषध, निम्म्या जणींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. अंगाखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी, म्हणजे किती रक्त गेलं ते गोधडीत जिरायच्या ऐवजी मोजता येतं. जास्त रक्तस्राव झालेल्यांचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. 2006 साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. सलाईन नको, इंजेक्शन नको, फ्रीज नको. जांबोटीच्या पुढं पावसात चालेल असं औषध.

ज्या बायांना नुसती गोळी मिळाली त्यांचा मी फार विचार करतो. त्यांनीही आपलं रक्त मोजू दिलं, म्हणून दुसरीसाठी आकडा मिळाला. मामांना विचार, पेशंटला जरूर द्या, पण आमची आक्का पेशंट झालीच नाही. ती कुठल्या हॉस्पिटलच्या दारात पोचली नाही. तिच्यासाठी पैसे घेऊन कोण कुठं उभं राहणार होतं? आणि टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोवरून तू रोज जातेस. तिथं देवीच्या रोगावरची लस तयार व्हायची. देवी 1980 साली जगातून गेल्याचं जाहीर झालं, म्हणून तुझ्या दंडावर त्या लशीचा व्रण नाही. माझ्या आहे.

बाकीचं थोडक्यात. चेक संस्थेच्या नावानं, कुठल्या डॉक्टरच्या नावानं नाही. पैसा कुठल्या कामाला लागणार ते त्यांच्याकडून आधी लेखी घे. शाल-श्रीफळ बंद. पाहुण्यांना राग आला तर येऊ दे. कन्नड गाणी घ्यायची का विचारलंस, घ्या, यात विचारण्यासारखं काय आहे? दहाला स्पीकर बंद होतो, म्हणून साडेसहाला सुरू करा, सात म्हणून आठ करू नका. आणि तालीम पूर्ण करा. चांगल्या कामासाठी आहे म्हणून लोक कच्चं वाजवणं चालवून घेतील, तुम्ही घेऊ नका.

साऊंडवाल्याला आगाऊ देऊन टाक. "नंतर तिकिटातून" हे शब्द तुझ्या तोंडी पुन्हा आले तर मी येणार नाही, आणि मला यायचं आहे.

या पत्रासोबत दोन पाकिटं आहेत. जाड आहे त्यात पाच हजार, ते खर्चाच्या पानावर लिही. दुसऱ्यात दोन तिकिटांचे दोनशे. एक तिकीट पाठव, दुसरं फाडून टाकलंस तरी चालेल, त्या जागेवर कुणी येणार नाही. पण दोन्ही पाकिटं एकत्र करू नकोस.

तुझा,
काका