चौथ्या अंकाचा हिशेब आधी मांड

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या संगीताच्या मासिकाचा आराखडा वाचला. दरमहा अंक, ६४ रंगीत पानं, २००० प्रती, आणि पहिल्या अंकाचे ९ लेख हाताशी. लेखांची यादी चांगली आहे, विशेषतः वाद्यं दुरुस्त करणाऱ्यांवरचा लेख. आकड्यांबद्दल मात्र बोलायला हवं. पहिला अंक उत्साहात निघतोच. दुसरा पहिल्यातून उरलेल्या मजकुरावर निघतो. तिसऱ्याला माणसं थकतात आणि चौथ्याला पैसे संपलेले असतात. म्हणून चौथ्या अंकाचा खर्च कागदावर मांडल्याशिवाय पहिला छापायला देऊ नकोस.

संगीत फुकटात आणि अमाप ऐकायला मिळत असताना मासिक कोण विकत घेईल, असा प्रश्न तुला पडला आहे. घेतात, कारण कोणीतरी ऐकून, निवडून, बाकीचं बाजूला ठेवलेलं त्यांना हवं असतं. ३०० रेकॉर्ड आल्या आणि परीक्षणाला जागा ३० ची, तर उरलेल्या २७० नाकारणं हे संपादकाचं खरं काम. हे काम साध्या कागदावरही होतं. पॉल विल्यम्स नावाच्या कॉलेजातल्या मुलाने १९६६ मध्ये अमेरिकेत ‘क्रॉडॅडी’ हे रॉक संगीताचं मासिक काढलं ते सायक्लोस्टाइल करून. मार्क पेरी या बँकेतल्या कारकुनाने १९७६ मध्ये लंडनला ‘स्निफिन ग्लू’ या पंक संगीतावरच्या पत्रिकेची पानं फोटोकॉपी करून पिना मारल्या. पुढच्याच वर्षी, खप चढता असताना, ते त्याने स्वतःहून बंद केलं. दोघांकडेही देखणी मांडणी नव्हती. जे ऐकलं जात होतं, पण ज्यावर धड कोणी लिहीत नव्हतं, त्यावर त्यांनी लिहिलं, एवढंच.

वाचक जमले की मासिक तरतं असंही नाही. ‘एनएमई’ हे ब्रिटनमधलं संगीताचं साप्ताहिक २०१५ पासून फुकट वाटायला लागले. आठवड्याला ३ लाखांहून जास्त प्रती जात होत्या, तरी २०१८ मध्ये छापील अंक थांबला. तो मोठ्या कंपनीचा होता. लहानांचं मरण बहुतेक वेळा वितरणात असतं, म्हणून तिथे जरा थांबू.

अंकाची किंमत १०० धर. १००० प्रती छापल्या, प्रत ३० ला पडली, छपाई ३०,०००. त्यातल्या ६०० वितरकाला दिल्या. तो आणि दुकानदार मिळून निम्मी किंमत ठेवतात, कधी त्याहून जास्त. व्यवहार ‘विकलं तर पैसे, नाही तर परत’ असा. १०० पैकी ४० खपले तर बरं चाललंय म्हणायचं. म्हणजे २४० प्रतींचे १२,००० मिळाले, तेही तीन-चार महिन्यांनी. उरलेल्या ४०० पैकी २५० वर्गणीदारांना गेल्या. टपालाचे २० वजा जाऊन २०,००० झाले. कार्यक्रमांच्या दारात ८० विकल्या, त्याचे ८,०००. राहिलेल्या ७० लेखकांना, छायाचित्रकारांना, ग्रंथालयांना आणि दप्तरी. एकूण जमा ४०,०००. छपाई वजा जाता १०,००० राहिले, त्यात लेखक, मांडणी, प्रवास, सगळं भागवायचं. आणि छपाईच्या ३०,००० पैकी १०,८०० गेले ते दुकानांतून न खपलेल्या ३६० प्रतींवर. बहुतेकदा त्या प्रती परत येतही नाहीत, तिकडेच रद्दीत जातात.

हा हिशेब समजला की छपाईच्या दराचा मोह सुटतो. प्रेसवाला सांगेल, २००० घेतल्या तर प्रत आणखी स्वस्त. खरं आहे, ऑफसेट छपाईत प्लेट (पानाची प्रतिमा असलेला पत्रा) आणि मशीन लावण्याचा खर्च प्रती कितीही असल्या तरी तोच राहतो. पण वरच्या हिशेबात खरोखर लागल्या त्या २४०, २५०, ८० आणि ७० मिळून ६४० च. म्हणून ६५० प्रती ३८ च्या दराने घेतल्या तरी बिल २४,७०० च येतं. स्वस्त प्रतीचा गठ्ठा खाटेखाली पडून राहिला तर स्वस्त कसला?

वितरक एकच असेल तर त्याच्या अडचणी तुझ्या होतात. शिकागोचं पंक संगीतावरचं ‘पंक प्लॅनेट’ १९९४ पासून चालू होतं, ८० अंक निघाले. ज्या संस्थेमार्फत ते दुकानांत जायचं ती कोलमडली, विकलेल्या अंकांचे पैसे अडकले आणि २००७ मध्ये मासिक थांबलं. दुकानांना निम्म्याहून जास्त प्रती देऊ नकोस. थकबाकी दोन अंकांची झाली की तिसरा अंक पाठवायचा नाही. माणूस कितीही गोड बोलला तरी.

वर्गणीचे पैसे हातात आले की श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. मी त्रैमासिक धरतोय, का ते पुढे सांगतो; वर्षाच्या ४ अंकांचे ४०० घेतलेस आणि २५० लोकांनी भरले, तर खात्यात एकदम १ लाख दिसतील. ते कर्ज आहे, अंकांच्या रूपात फेडायचं. वेगळ्या खात्यात ठेव आणि प्रत्येक अंक टपालात पडला की चौथा हिस्सा चालू खात्यात घे. नूतनीकरणाची चिठ्ठी तिसऱ्या अंकासोबत जाऊ दे. चौथ्यानंतर पाठवली तर बरेच जण विसरलेले असतात. पत्त्यांच्या यादीत ‘शेवटचा देय अंक’ असा रकाना पहिल्या दिवसापासून ठेव.

दरमहा हे सोडून दे. त्रैमासिक काढ, ४८ पानं. १६ पानांचे ३ फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं म्हणजे फर्मा), मधोमध पिना. पानं ४ च्या पटीत हवीतच, पण फर्म्याच्या पटीत असली तर कागद वाया जात नाही. ए-फोर आकार, आत १०० जीएसएमचा (चौरस मीटरला १०० ग्रॅम भरणारा) कागद, २०० जीएसएमचं मुखपृष्ठ धरलं तर अंक साधारण १७५ ग्रॅम भरतो, लिफाफ्यासकट २०० च्या काठावर. एक फर्मा वाढवला की ५० ग्रॅम वाढले आणि टपालाचा टप्पा बदलला. म्हणून छापण्याआधी प्रेसकडून त्याच कागदाची कोरी डमी बांधून घे, लिफाफ्यात घाल आणि तोल.

मधे पिना मारलेल्या अंकात आतली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये त्यांचा कडेचा समास कमी होतो. पानक्रमांक कडेपासून १० मिमी तरी आत ठेव. कडेपर्यंत जाणाऱ्या चित्राला चहूबाजूंनी ३ मिमी ब्लीड दे, म्हणजे कापण्याच्या रेषेबाहेर तेवढं जादा चित्र. मजकुराचं काळं फक्त काळ्या शाईचं असू दे. रंगीत छपाईच्या चार शाया (निळी, किरमिजी, पिवळी, काळी) मिळून काळं केलंस तर प्लेट केसभर हलली की अक्षरांना रंगीत सावली येते.

संगीताच्या मासिकाला सगळ्यात जास्त रडवतात ती मंचावरची छायाचित्रं. निळ्या एलईडी प्रकाशातला गायक पडद्यावर झळाळतो, छापल्यावर जांभळट आणि मळका दिसतो, कारण तो निळा रंग चार शायांत बसतच नाही. शिवाय कोटिंग नसलेल्या कागदावर शाई पसरते; अंधारातले केस, काळे कपडे आणि मागचा पडदा एक होऊन जातात. अशी चित्रं कृष्णधवल कर, गडद भाग पडद्यावर नको इतका उजळ वाटेल असा ठेव, आणि एका पानाचा प्रूफ त्याच कागदावर काढून बघ. चित्र ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके) हवं, तेही छापायच्या आकारात. छायाचित्रकाराची परवानगी लेखी घे: कोणता अंक, छापील की डिजिटलही, पुन्हा वापरायचं असेल तर काय. गाण्याचे शब्दही असेच सांभाळ. आख्खं कडवं छापायचं तर हक्कधारकाला विचारावं लागतं, आणि उत्तर यायला अंकाची तारीख उलटते.

जाहिराती घे, पण ज्याच्या रेकॉर्डचं परीक्षण त्याच अंकात आहे त्याची जाहिरात त्या परीक्षणासमोर नको. जाहिरातीचे दर लेखी ठेव आणि परीक्षण लिहिणाऱ्याला जाहिरातदारांची यादी दाखवू नकोस. एकाच जाहिरातदाराकडून पाचव्या हिश्शाहून जास्त उत्पन्न येऊ लागलं की संपादक नकळत मवाळ होतो. मालकी कुणाची हे यासाठीच महत्त्वाचं. ‘द वायर’ हे ब्रिटिश संगीत मासिक १९८२ मध्ये सुरू झालं आणि २००० च्या अखेरीस तिथे काम करणाऱ्यांनीच ते विकत घेतलं. अजून ते निघतं. तुम्ही चौघं आहात, तर कोण किती पैसे घालतंय, सोडून गेल्यास नाव कुणाकडे राहणार, हे मैत्री शाबूत आहे तोवरच लिहून ठेवा.

लेखकांना थोडं का होईना, मानधन दे आणि आकडा आधी सांग. मुलाखतीचं तासाभराचं ध्वनिमुद्रण उतरवायला ४ तास लागतात. यंत्राने उतरवलं तरी राग, वाद्यं, माणसांची नावं हमखास चुकतात, त्यामुळे ऐकून ताडून बघणं टळत नाही. विशेषनामांची यादी वेगळी करून दुसऱ्या माणसाकडून तपासून घे. नाव चुकलेला तबलजी पुढची दहा वर्षं विसरत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

आराखडा सुधारून पाठवशील तेव्हा तीन प्रेसची ६५० प्रतींची कोटेशनं, डमीचं वजन आणि आगाऊ वर्गणी देऊ शकतील अशा १०० जणांची नावानिशी यादी जोड. यादी ६० वरच अडली तर पहिला अंक ३२ पानांचा कर. वितरकाच्या करारावर मात्र मला दाखवल्याशिवाय सही करू नकोस. परत येणाऱ्या अंकांचं कलम बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं.

कळावे, लोभ असावा.