"आई, इथे मी कुणाशी मैत्रीच करणार नाहीये"

ह्यावेळी चार पत्रं घेतलीयत, चारही दूतावासातल्या नोकरीमुळे देशोदेशी फिरणाऱ्या घरांतली. मी स्वतः नवऱ्याच्या पोस्टिंगपायी पाच देशांत संसार मांडला आणि मोडला, दोन्ही मुलं त्यातच वाढली, त्यामुळे पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई, मिस्टर दूतावासात आहेत आणि हे आमचं तिसरं पोस्टिंग. येऊन चार महिने झाले. मुलगी तेरा वर्षांची आहे, शाळेतून आली की खोलीचं दार लावून घेते आणि मग जुन्या मैत्रिणींशी रात्री एक-दोन वाजेपर्यंत चॅट, कारण तिकडची वेळ वेगळी. परवा म्हणाली, "तीन वर्षांनी सोडूनच जायचंय ना, मग इथे मी कुणाशी मैत्रीच करणार नाहीये." मागच्या वेळी बदलीची ऑर्डर आली तेव्हा तिची परीक्षा होती म्हणून आम्ही दीड महिना तिला सांगितलंच नाही, पॅकर्स यायच्या दहा दिवस आधी सांगितलं. आता ते मनाला खातंय. मीही नोकरी सोडून आलेय, माझंच मन लागत नाही, तिला काय समजावू?

उत्तर: जे मनाला खातंय ते खरंच आहे, ती चूक होती. पण भरून निघण्यासारखी आहे. दीड महिना आईबाबा नेहमीसारखे हसत-बोलत होते आणि आतून त्यांना सगळं माहीत होतं, हे तिला नंतर कळलं, त्यामुळे आता ती तुमच्या साध्या दिवसावरही विश्वास ठेवत नसणार. आज सगळं छान चाललंय म्हणजे उद्या खोकी येणार नाहीत कशावरून? म्हणून सगळ्यात आधी तिची माफी मागा. "तुझ्या परीक्षेसाठीच केलं गं" असं पुढे जोडू नका, नुसती माफी, आणि इथून पुढे ऑर्डर ज्या दिवशी येईल त्याच दिवशी तुला कळेल असा शब्द द्या. ऑर्डरी बदलतात, रद्द होतात, पुढे ढकलल्या जातात, तेही तिला सांगा. अर्धवट माहिती मुलांना झेपते, पण लपवलेली नाही झेपत, हे मी दोन्ही मुलांच्या बाबतीत बघितलंय.

दुसरं म्हणजे तिचं मागच्या गावाचा निरोप घेणं राहून गेलंय. दहा दिवसांत काय होणार, त्यात निम्मा वेळ सामान निवडण्यात जातो. आमच्या दुसऱ्या बदलीच्या वेळी माझा मुलगा नऊ वर्षांचा होता, तो शाळेत असतानाच पॅकर्सनी त्याची खोली आवरली आणि वजनाची मर्यादा होती म्हणून मी त्याचा दगडगोट्यांचा डबा काढून टाकला. मला ते दगड वाटले. पुढची कित्येक वर्षं तो त्या डब्याबद्दल विचारत राहिला आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात तुटायचं. तेव्हापासून आमच्याकडे एक नियम होता, प्रत्येक मुलाचा एक बॉक्स, तो दुसऱ्या कुणी उघडायचा नाही, वजन करायला घ्यायचा नाही, आणि तो सी फ्रेटने, म्हणजे जहाजाने जाणाऱ्या सामानातून, नाही तर आपल्याबरोबर विमानातून जाणार. कंटेनर यायला महिने-महिने लागतात, आणि रिकाम्या घरातल्या पहिल्या रात्री मुलाला त्याची उशी, त्याचा दिवा, त्याचा बॉक्स जवळ लागतो.

तुमच्या लेकीचा निरोप आता उशिरा का होईना होऊ द्या. तिच्या आवडत्या बाईंना व्हिडिओ कॉल, जुन्या घराचे-रस्त्याचे-बसस्टॉपचे फोटो छापून भिंतीवर, जिला नीट बाय म्हणता आलं नाही त्या मैत्रिणीला हाताने लिहिलेलं पत्र. चॅट बंद करू नका प्लीज, चार महिन्यांपूर्वीची ती कोण होती हे माहीत असलेली माणसं सध्या फक्त त्या फोनमध्ये आहेत. झोपेसाठी वेळ मात्र ठरवून द्या, वीकेंडला तिला आणि मैत्रिणींना सोयीची अशी एक लांब वेळ काढून द्या, म्हणजे रोज रात्री जागायची गरज कमी होईल.

आणि "नवीन मैत्रिणी मिळतील की" हे वाक्य घरातून काढूनच टाका. तिचा हिशोब बरोबर आहे, सोडून जावं लागणार आहे आणि दुखणारही आहे, तसंच सांगा. फक्त मैत्री केली नाही तर ही तीन वर्षं कशी जातील, तेही तिच्याशी बोला, एकदा नाही, हळूहळू, गाडीत, भांडी आवरताना. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम यांनी १९५० च्या दशकात अशा मुलांचा अभ्यास करून त्यांना 'थर्ड कल्चर किड्स' हे नाव दिलं. आईबाबांची संस्कृती एक, राहत्या देशाची दुसरी, आणि ह्या दोन्हींच्या मधे, फिरत्या घरांची आपसात तयार झालेली तिसरी. माझ्या मुलीला हे नाव कळलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि तिला इतकं हायसं वाटलं, म्हणजे मी विचित्र नाहीये, माझ्यासारखे आहेत. शाळेत अशी अजून मुलं असतील तर बघा, त्यांना एकमेकांना फार समजावून सांगावं लागत नाही.

अजून एक, हे मात्र आत्ताच बघायला लागेल. ती आज तेरा, तीन वर्षांनी सोळा. म्हणजे पुढची ऑर्डर नेमकी अकरावी-बारावीच्या तोंडावर येणार. आयबीचा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, बऱ्याच आंतरराष्ट्रीय शाळांत असतं ते) डिप्लोमा शेवटच्या दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम असतो, १९६८ मध्ये जिनिव्हात आयबी सुरू झालं तेव्हा त्यामागे आपल्यासारख्याच फिरत्या घरांतल्या मुलांची अडचण होती, कुठल्याही देशातून कुठल्याही देशातल्या विद्यापीठात जाता यावं म्हणून. पण त्याचा उपयोग दोन वर्षं एका जागी बसलं तर. विषय सगळ्या शाळांत सारखे नसतात, मधेच शाळा बदलली तर निवडलेला विषयच तिकडे नसतो. त्यामुळे मिस्टरांना सांगा की एक वर्ष वाढवून मागायचं, एक वर्ष आधी हलायचं, की शेवटची दोन वर्षं तुमच्यापैकी एकाने तिच्याबरोबर मागे राहायचं, हे ऑफिसशी आत्तापासून बोलायला घ्या. माझं मत विचाराल तर ती दोन वर्षं मोडू नयेत, बाकी कशाचीही तडजोड करा. आणि ह्या बोलण्यात तिलाही बसवा, निर्णय तुमचा असला तरी.

तुमच्या स्वतःबद्दल पत्रात एकच ओळ आहे. मिस्टरांना तिथे पोचल्या दिवशी टेबल, काम, सहकारी मिळाले, तिला शाळा मिळाली, तुम्हाला मिळाली खोकी. मन लागत नाही ह्यात नवल काहीच नाही, आणि ते तिच्यापासून लपवूही नका, "मलाही माझी जुनी जागा आठवते" एवढं म्हटलंत तरी त्या बंद दाराच्या आत तिला एकटं वाटणार नाही. पुढचं पत्र तुमच्यासाठीही आहे.

प्रश्न: मी फिजिओथेरपिस्ट आहे. नवऱ्याच्या पोस्टिंगवर डिपेंडंट म्हणून जातेय. तिथे नोकरी करता येईल का? आणि घरी बसून ऑनलाइन पेशंट घेतले तर?

उत्तर: येईल की नाही हे दोन देशांत तसा करार आहे का ह्यावर ठरतं. बऱ्याच देशांनी दूतावासातल्या माणसांच्या जोडीदारांसाठी आपसात करार केलेत, असेल तर अर्ज तुम्ही स्वतः नाही, दूतावास तिथल्या परराष्ट्र खात्याकडे करतो आणि परवानगी आल्यावरच कामाला लागायचं. त्या नोकरीच्या बाबतीत तुम्हाला दिवाणी दाव्यापासून संरक्षण उरत नाही आणि पगारावर तिथला टॅक्स भरावा लागतो. तुमच्या पेशात वर तिथल्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशनही लागेल, त्याला कधीकधी पोस्टिंगचं निम्मं आयुष्य निघून जातं, म्हणून कागदपत्रं निघायच्या आधीच पाठवा. कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट, अनुभवाचे दाखले, सगळ्याच्या प्रमाणित प्रती. ऑनलाइन पेशंटचं मात्र गृहीत धरू नका. पेशंट कुठेही असला तरी काम तुम्ही त्या देशात बसून करताय, म्हणून दूतावासाच्या प्रशासनाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. मी एकदा तोंडी "चालेल हो" वर शिकवण्या सुरू केल्या आणि चार महिन्यांत बंद कराव्या लागल्या, मुलांच्या परीक्षा तोंडावर असताना. ते अजून टोचतं.

प्रश्न: मुलगा सतरा वर्षांचा आहे. मित्रांना सांगत असतो की आपल्याला इम्युनिटी (दूतावासातल्यांना मिळणारं कायदेशीर संरक्षण) आहे, पोलीस काही करू शकत नाहीत. काय करू?

उत्तर: त्याला समोर बसवून राजनैतिक संबंधांवरचा १९६१ चा व्हिएन्ना करार वाचून दाखवा, खरंच. कलम ३७ मध्ये घरच्यांना संरक्षण आहे, पण कलम ४१ म्हणतं की तिथले कायदे पाळणं हे कर्तव्यच आहे. आणि ही इम्युनिटी त्याची नाहीच, आपल्याला पाठवणाऱ्या देशाची आहे, कलम ३२ प्रमाणे देश ती काढून घेऊ शकतो. कलम ९ ने यजमान देश कारण न देता त्याच्या बाबांना परत बोलावून घ्यायला सांगू शकतो. त्याच्या एका रात्रीपायी धाकट्या भावंडाची शाळा सुटू शकते, असं सांगितलं तर जास्त पोचेल.

प्रश्न: बदली बहुतेक पुढच्या वर्षी. कुत्र्याची तयारी कधी सुरू करू?

उत्तर: आजच. आधी मायक्रोचिप, मगच रेबीजची लस, क्रम उलटा झाला तर बऱ्याच ठिकाणी ती लस धरत नाहीत. रेबीज असलेल्या अनेक देशांतून युरोपियन युनियनमध्ये नेताना लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं, जपानला जायचं तर १८० दिवस. डिप्लोमॅटिक दर्जामुळे सामानाची कस्टम ड्युटी माफ होते, क्वारंटाइनचे नियम नाही. आणि एखाद्या देशात त्याला नेणं जमणारच नाही असं दिसलं तर मुलांना ते शेवटच्या आठवड्यात सांगू नका. तो कुणाकडे राहणार ते मुलांनाच बघू दे, त्या घरी त्यांना दोन-चारदा घेऊन जा, त्याचं अंथरूण, त्याचा पट्टा त्यांच्याच हाताने तिथे ठेवू दे.