“सगळं विकून टाका, मॅडम”

“बाजार पडतोय, पैसे काढून घेऊ का?” २०२५च्या फेब्रुवारीत हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारत होतं. त्यातलेच एक गृहस्थ. वय सत्तावन्न, भोसरीच्या कंपनीत नोकरी, निवृत्तीला एक वर्ष. मी गुंतवणूक सल्लागार; पुण्यात कर्वे रोडवरच्या माझ्या ऑफिसात आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, “सात लाख गेले. सगळं विकून टाका, मॅडम.”

सप्टेंबर २०२४मध्ये बाजार उच्चांकावर होता, तेव्हा त्यांच्या म्युच्युअल फंडांची किंमत ४८ लाख होती. आता ४१ लाख. गुंतवलेली मूळ रक्कम मात्र २९ लाख. पण त्यांच्या मनात ४८चा आकडा घट्ट बसला होता आणि तोटा ते तिथूनच मोजत होते. काह्नमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये मांडलं, की मिळालेल्या पैशाच्या आनंदापेक्षा तेवढाच पैसा गेल्याचं दुःख फार मोठं असतं. समोरच्या माणसाकडे बघून ते कळत होतं. रात्री दोन-दोनला उठून ॲप बघायचे.

पूर्वी मी अशा वेळी लगेच २००८चा, म्हणजे बाजार कोसळून नंतर सावरल्याचा, आलेख काढायचे. घाबरलेल्या माणसाला आलेख दिसत नाही, हे मला उशिरा समजलं. म्हणून विचारलं, “घरात याआधी कुणाचे पैसे बुडालेत का?”

बराच वेळ ते गप्प होते. मग सांगितलं. वडिलांची निवृत्तीची पुंजी एका पतसंस्थेत अडकली होती. वडील दर आठवड्याला तिथे खेटे घालायचे, रिकाम्या हाताने परत यायचे. “आईनं तेव्हा पाटल्या विकल्या,” एवढं बोलून थांबले.

माझ्या मते सल्लागाराचं खरं काम इथे सुरू होतं. “पतसंस्थेत पैसे काढताच येत नव्हते. तुमचे फंड आज विकलेत तर चार दिवसांत पैसे बँकेत येतील,” एवढंच म्हटलं. मग पैसे कशासाठी आहेत ते एकेक करून विचारलं. मुलीची सहा लाखांची फी जूनमध्ये भरायची होती आणि तीही इक्विटी फंडातच, म्हणजे शेअरमध्येच, पडून होती! तेवढ्यापुरती त्यांची भीती अगदी रास्त होती. ती रक्कम त्याच दिवशी काढून घेतली. बाकीचे पैसे पुढची सात-आठ वर्षं लागणार नव्हते.

उरलेल्या पैशांसाठी त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक कागद लिहिला: हे कशासाठी ठेवलेत, कधी काढायचे, आणि विकावंसं वाटलं तर आधी आठ दिवस थांबायचं. कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

७ एप्रिलला सेन्सेक्स २,२००हून अधिक अंकांनी कोसळला. दुपारी त्यांचा फोन आला. आवाज कापत होता. “मॅडम, कपाट उघडून उभा आहे. वाचून दाखवू?”

“दाखवा,” मी म्हटलं.