वाचकांचे प्रश्न : अनोळखी मेल उघडणे हेच ज्यांचे काम

प्रश्न : सिंहगड रस्त्यावरील ७० खाटांच्या एका रुग्णालयात मी प्रशासकीय अधिकारी आहे. गेल्या महिन्यात कॅशलेस विभागातील एका मुलीने ‘दाव्यातील त्रुटींबाबत’ असा विषय असलेल्या मेलसोबतची झिप फाइल उघडली. तिच्या संगणकावरील अँटिव्हायरसने ती पकडली, म्हणून निभावले. त्यानंतर व्यवस्थापनाने प्रत्येक टेबलाजवळ पाटी लावली आहे : ‘अनोळखी व्यक्तींचे ईमेल उघडू नयेत. नुकसान झाल्यास संबंधितास जबाबदार धरले जाईल.’ एवढ्याने भागेल का?

उत्तर : ती पाटी आधी उतरवावी. पाटी लावल्याशिवाय प्रश्न सुटल्यासारखा आपल्या पुण्यात कोणाला वाटत नाही हे मान्य, परंतु ही पाटी खरोखर पाळायची ठरवली तर आपला कॅशलेस विभाग दुसऱ्याच दिवशी बंद पडेल. विमा कंपनीच्या टीपीएचे (तिच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेचे) त्रुटिपत्र, नातेवाइकांनी मोबाइलवरून पाठवलेला आधार कार्डाचा फोटो, गावाकडच्या डॉक्टरांनी धाडलेला जुना सोनोग्राफीचा अहवाल, औषध वितरकाचे बिल, हे सारे बहुधा अनोळखी पत्त्यांवरूनच येते आणि ते उघडण्यासाठीच त्या मुलीला पगार मिळतो. तेव्हा कोणी ना कोणी एक दिवस चुकीची फाइल उघडणारच, असे गृहीत धरून व्यवस्था लावावी.

पहिली चाळण मेल सर्व्हरवरच हवी. उघडताच प्रोग्रॅम म्हणून चालणाऱ्या फाइली, स्क्रिप्ट (संगणकाला द्यायच्या आज्ञांच्या फाइली), डिस्कच्या प्रतिमा (अख्खी डिस्क एका फाइलीत बांधलेल्या प्रती) यांची रुग्णालयाच्या टपालात काहीही गरज नसते. त्या आत येऊच देऊ नयेत. मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींमधील मॅक्रो, म्हणजे फाइलीत दडलेले छोटे प्रोग्रॅम, मुळातच बंद ठेवण्यास सुरुवात केली, आणि त्यानंतर गुन्हेगार झिप, डिस्कच्या प्रतिमा आणि शॉर्टकट फाइलींकडे अधिक वळले. पासवर्ड लावलेल्या झिपबाबत विशेष सावध राहावे लागते, कारण पासवर्ड मेलच्या मजकुरात लिहिलेला असला तरी तपासणी करणाऱ्या प्रणालीला आतले काही दिसेलच असे नाही. अशा फाइली अडवून ठेवाव्यात आणि पाठवणाऱ्याला आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून मगच सोडाव्यात. मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नव्हे.

दुसरी गोष्ट त्या टेबलावरच्या संगणकाची. त्यावर काम करणाऱ्या व्यक्तीला ॲडमिनचे अधिकार असण्याचे कारण नाही. बिलिंगचा डेटाबेस किंवा केसपेपरच्या स्कॅन प्रती ज्या सर्व्हरवर आहेत, त्यावरील फोल्डर या संगणकाला थेट जोडलेले नसावेत, कारण खंडणीखोर विषाणू, म्हणजेच रॅन्समवेअर, त्या संगणकाला जेथवर लिहिता येते तेथवरच्या फाइली कुलूपबंद करतो. मेलच्या खात्यांना दुहेरी पडताळणी लावावी. पुष्कळ मेलसोबत फाइल नसतेच, केवळ खोट्या लॉगिन पानाची लिंक असते, आणि चोरलेल्या खात्यावरून पुढचे मेल आपल्याच रुग्णालयाच्या नावाने बाहेर पडतात.

आपल्या पत्रातील ‘अँटिव्हायरसने पकडली, म्हणून निभावले’ हे वाक्य मात्र मला सर्वाधिक अस्वस्थ करते. आयर्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत १८ मार्च २०२१ रोजी एका कर्मचाऱ्याने दोन दिवसांपूर्वी आलेल्या मेलमधील एक्सेल फाइल उघडली. त्याच महिन्याच्या अखेरीस त्या संगणकावरील अँटिव्हायरसला घुसखोरांची साधने दिसलीदेखील. पण तो केवळ निरीक्षणाच्या अवस्थेत ठेवलेला होता, त्यामुळे त्याने नोंद केली आणि अडवले काहीच नाही. १४ मे रोजी देशभरातील यंत्रणा कुलूपबंद झाल्या. मधल्या आठ आठवड्यांत चोर घरातच वावरत होता. आपल्याकडे अँटिव्हायरसचे इशारे कोणाच्या मेलवर जातात आणि ती व्यक्ती रजेवर असताना ते कोण वाचते, हे आजच विचारून पाहावे. बऱ्याच ठिकाणी तो पत्ता नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा निघतो.

प्रश्न : आमच्या रुग्णालयात स्पॅमची चाळण कडक केल्यापासून डॉक्टरांचे खरे मेलही गायब होतात. दुसरीकडे, आमच्या नावाने आम्ही न पाठवलेले मेल रुग्णांना येतात. दोन्हींवर उपाय एकच आहे का? (हडपसर)

उत्तर : नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सर्वसाधारण कार्यालयासाठी बनवलेली शब्दांची यादी रुग्णालयात चालत नाही. सिल्डेनाफिल (‘व्हायग्रा’तील औषध) हे नाव स्पॅममध्ये सर्रास येते म्हणून ते अडवले, तर फुप्फुसांतील रक्तदाब वाढलेल्या रुग्णाच्या औषधयोजनेविषयीचे पत्रही अडते, कारण त्या आजारातही तेच औषध देतात. मूत्ररोग आणि स्त्रीरोग विभागांच्या पत्रव्यवहाराचे काय होत असेल, याची कल्पना केलेली बरी. म्हणून शब्दांपेक्षा पाठवणाऱ्या सर्व्हरची विश्वासार्हता आणि मेलमधील लिंक यांवर भर द्यावा. संशयास्पद मेल परस्पर नष्ट न करता वेगळे ठेवावेत, आणि दिवसातून दोनदा ते पाहण्याचे काम एका ठरावीक व्यक्तीकडे सोपवावे. तातडीचा तपासणी अहवाल केवळ मेलवर विसंबून पाठवू नये, हे प्रयोगशाळेलाही सांगून ठेवावे.

आपल्या नावाचा गैरवापर रोखण्यासाठी डोमेनच्या, म्हणजे मेलच्या पत्त्यातील @ नंतरच्या नावाच्या, नोंदींत तीन गोष्टी लागतात. एसपीएफमध्ये आपल्या नावाने मेल पाठवण्याची परवानगी असलेल्या सर्व्हरची यादी असते, डीकेआयएम प्रत्येक मेलवर डिजिटल मोहोर उमटवते, आणि या दोन्हींत न बसणाऱ्या मेलचे काय करावे हे डीमार्क समोरच्या सर्व्हरला सांगते. डीमार्क लगेच कडक करू नये. आधी ‘फक्त कळवा’ या पायरीवर काही आठवडे ठेवून येणारे अहवाल वाचावेत. अपॉइंटमेंटची आठवण पाठवणारी सेवा, बिलिंगचे सॉफ्टवेअर, प्रयोगशाळेची अहवाल पाठवणारी प्रणाली, असे आपल्याच नावाने मेल पाठवणारे पण यादीत नसलेले चार जण त्यात हमखास सापडतात. त्यांची सोय केल्यानंतरच नकाराची पायरी गाठावी. मिळतेजुळते स्पेलिंग असलेल्या दुसऱ्याच डोमेनवरून येणारे खोटे मेल मात्र याने थांबत नाहीत.

प्रश्न : आमच्या सीटी स्कॅन यंत्राचा संगणक जुन्या विंडोजवर चालतो. अद्ययावत केल्यास हमी रद्द होईल, असे पुरवठादार सांगतो. मेलचा आणि याचा संबंध येतो का? (चिंचवड)

उत्तर : येतो, आडमार्गाने. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू मेलमधून नव्हे, तर विंडोजच्या फाइल देवाणघेवाणीतील दोषामधून संगणकांमागून संगणक पसरत गेला. त्या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिलेली होती. तरीही इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत सुमारे १९,००० भेटी रद्द झाल्याचा अंदाज तेथील लेखापरीक्षकांनी मांडला. आत शिरलेला विषाणू कुठून आला याच्याशी जुन्या संगणकाला देणेघेणे नसते.

दुरुस्ती करता येत नसेल तर त्या यंत्राला नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात ठेवावे. त्याने केवळ प्रतिमा साठवणाऱ्या सर्व्हरशी डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांच्या देवाणघेवाणीची प्रमाणित) पद्धतीने बोलावे, बाकी सारे बंद. पुरवठादाराचा दूरस्थ प्रवेश त्याने मागितल्यावर उघडावा आणि काम संपताच मिटवावा. त्या संगणकावर ब्राउझर आणि मेल नसावेत. रात्रपाळीत कोणी तरी स्वतःचा मेल पाहतोच, हे गृहीत धरावे.

प्रश्न : चुकून फाइल उघडलीच, तर संगणक लगेच बंद करावा का? (कोथरूड)

उत्तर : नेटवर्कची केबल काढावी आणि वायफाय बंद करावे, संगणक मात्र चालू ठेवावा, कारण तपासाला उपयोगी पडणाऱ्या बऱ्याच खुणा मेमरीत असतात आणि बंद केल्यावर त्या पुसल्या जातात. मग तत्काळ आयटी विभागाला सांगावे. येथे पहिल्या पत्रातील पाटी पुन्हा आठवते : जबाबदार धरले जाईल या भीतीने जो अर्धा दिवस गप्प बसतो, तो अर्धा दिवस विषाणूला मिळतो. शिवाय सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवायची असते, आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात.

खंडणी देऊन सुटका होईल, या भरवशावर राहू नये. आयर्लंडमध्ये हल्लेखोरांनी आठवड्याभरात किल्ली फुकट देऊनही सर्व यंत्रणा पूर्ववत होण्यास सप्टेंबर उजाडला. बॅकअपची निदान एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तोडलेली असावी, आणि तीन महिन्यांतून एकदा तीवरून एखाद्या विभागाची माहिती खरोखर परत उभी करून पाहावी. नवी दिल्लीच्या एम्समध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्व्हर बंद पडल्यानंतर नोंदणीपासून अहवालांपर्यंतचे काम कित्येक दिवस हाताने चालले होते. म्हणून कोरे केसपेपर, पावती पुस्तके आणि संबंधितांचे फोन क्रमांक छापील स्वरूपात रिसेप्शनवर आणि प्रत्येक मजल्यावरील सिस्टरांच्या टेबलाशी ठेवावेत.