पणजीहून जानेवारीत जैसलमेरला जाताना लोकरीचे कपडे खरोखर लागतात का?

होय, लोकरीचे कपडे अवश्य न्यावेत. मात्र ते लागतील ते सूर्यास्तानंतर, कारण जैसलमेरात जानेवारीत दुपारचे तापमान साधारण २३-२४ अंश सेल्सिअस असते आणि पहाटे ते ७-८ अंशांपर्यंत उतरते. हवामान खात्याच्या दीर्घकालीन सरासरीनुसार पणजीत त्याच महिन्यात पहाटेही पारा २० अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे आपल्याला या फरकाचा अंदाज सहसा येत नाही. याचे मूळ हवेतील बाष्पात आहे: गोव्यातील दमट हवा जमिनीने रात्री सोडलेली उष्णता बरीचशी अडवून धरते, तर थारच्या वाळवंटात हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळे ती झपाट्याने निघून जाते, आणि दुपारी तळपायाला उबदार लागणारी वाळू रात्री गारठते. मे महिन्यात मात्र तेथील दुपार ४० अंशांच्या पुढे जाते, पणजीत ती ३३-३४ वर थांबते. म्हणून उन्हाळ्यातला बेत टाळलेलाच बरा. वरील आकडे सरासरीचे आहेत. शीतलहर आली की पहाट याहून बरीच थंड होते, तेव्हा वाळवंटात तंबूत मुक्काम असेल, तर निघण्यापूर्वी ताजा अंदाज पाहावा आणि मुलांसाठी कानटोपी व जाड मोजे घ्यावेत.