बुश कोणत्या दिशेला मऊ हवं?

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीच्या पुढच्या लोअर आर्मची (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याची) रबरी बुशं, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या नळीसारख्या गाद्या, फाटली आहेत. तो भाग आता बनत नाही. माझ्याकडे छोटा लेथ आहे. जुन्या बुशाची मापं घेऊन नायलॉनच्या रॉडमधून तशीच टर्न करून बसव, आयुष्यभराचं काम होईल, असं मित्र म्हणतो. करू का?

उत्तर : कोणाच्या आयुष्यभराचं, बुशाच्या की आर्मच्या, ते मित्राला एकदा विचारून घ्या. नायलॉन पाणी शोषून फुगतं. कोरड्या दिवसात मापात बसवलेलं बुश दमट हवेत आतल्या स्लीव्हवर, म्हणजे धातूच्या नळीवर, आवळून बसतं. डेलरिन हे दुसरं प्लास्टिक फारसं फुगत नाही, पण दगडासारखं कडक असतं. रस्त्यावरचा प्रत्येक खडा थेट चेसिसला कळतो.

खरी अडचण मात्र मटेरियलची नाही. मूळ रबरी बुशात आतली स्लीव्ह बोल्टने आवळलेली, बाहेरची आर्ममध्ये ठोकून बसवलेली आणि मधलं रबर दोन्हींना चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा तिथे काहीच घासत नाही, फक्त रबर पिळतं. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही. तुम्ही टर्न केलेलं बुश पिळणार नाही, ते स्लीव्हवर फिरेल. म्हणजे तुम्ही तिथे बेअरिंग बसवताय, आणि बेअरिंग एकाच आसावर फिरतं.

आता गाडीखाली जाऊन बघा. आर्म इंग्रजी एल आकाराचा असेल, तर बहुधा एका बुशाचा बोल्ट आडवा आणि दुसऱ्याचा उभा असेल. आडवं बुश आर्मचा बिजागर आहे; ते कडक केलं तरी चालतं. उभ्या बुशाच्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या दिसतील. आर्म हलला की ते बुश तिरकं होतं, आणि चाक खड्ड्यात आपटलं की आर्मला किंचित मागे सरकू देतं. तिथे कडक नळकांडं ठोकलंत तर आर्म अडेल आणि तो ताण ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर जाईल. तडा गेला तर तिथेच जाईल. म्हणून जुनं बुश काढण्याआधी पोकळ्यांची दिशा आर्मवर सेंटर पंचने खुणावून ठेवा.

उभ्या बुशासाठी माझा सल्ला लेथप्रेमी मंडळींना रुचत नाही. दुसऱ्या एखाद्या गाडीचं, त्याच जातीचं पण बाहेरून थोडं लहान रबरी बुश शोधा आणि लेथवर फक्त फरक भरून काढणारी स्टीलची स्लीव्ह करा. रबर ज्यांनी बनवलं त्यांनी ते हजारो वेळा पिळून बघितलेलं असतं. आपण तसं बघू शकत नाही.

आडवं बुश मात्र तुम्ही करा. पॉलीयुरेथेनचा (पीयू, रबरासारखं चिवट प्लास्टिक) सुमारे ९० शोअर ए कडकपणाचा रॉड घ्या; शोअर ए हे रबरासारख्या वस्तूंचा कडकपणा मोजायचं माप. माप जुन्या बुशाचं नको, ते दबलेलं असतं. आर्मचं भोक तीन-चार कोनांत मोजा. अंडाकृती निघालं तर आधी आर्मचा विचार करा. भोक ४२ मिमी असेल तर पीयू ४२.३ च्या आसपास ठेवा, म्हणजे ते दाबून बसेल. आतली स्लीव्ह स्टीलची, बाहेरून गुळगुळीत आणि पीयूपेक्षा ०.३ ते ०.५ मिमी लांब हवी. बोल्टने स्लीव्ह आवळली पाहिजे, पीयू नाही; एवढंच चुकलं तर बाकीची मेहनत वाया. दोन्ही बाजूंना कॉलर, म्हणजे बाहेर आलेली कड, ठेवा, नाहीतर बुश हळूहळू बाहेर सरकतं.

पीयू कापताना टूल वस्तऱ्यासारखं धारदार आणि भरपूर पॉझिटिव्ह रेकचं (वरची बाजू धारेपासून मागे उतरत गेलेलं) लागतं. बोथट टूल त्याला कापत नाही, नुसतं ढकलतं. कीस लांब दोऱ्यासारखा निघून लेथच्या चकभोवती (काम पकडणाऱ्या जबड्यांभोवती) गुंडाळला जातो. तो हाताने ओढू नका, मशीन थांबवा. आधी बोअर करा, मग मँड्रेलवर (आतून धरणाऱ्या दांड्यावर) चढवून बाहेरचा व्यास घ्या. गरम असताना पीयू फुगलेलं असतं आणि व्हर्नियरच्या दाबाने ते चेपतं, म्हणून थंड झाल्यावर हलक्या हाताने मायक्रोमीटर लावा. बसवताना सिलिकॉन ग्रीस वापरा.

आणि जुनं रबर टॉर्चने जाळून काढू नका. धूर विषारी असतो, आणि ॲल्युमिनियमचा आर्म त्या उष्णतेने कमजोर होतो. रबर ड्रिलने मोकळं करा, बाहेरची स्लीव्ह हॅकसॉने आतून चिरा, ती सैल होते.

प्रश्न : मी नवीन रबरी बुशं बसवली. थोड्याच दिवसांत ती पुन्हा फाटली. माल खराब होता का?

उत्तर : असेलही. पण गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले होते का? मग गाडी जमिनीवर आली तेव्हाच रबर अर्धं पिळलं गेलं आणि उभ्या गाडीतही पिळलेलंच राहिलं. पुढच्या वेळी काम सुरू करण्याआधी, गाडी सपाट जमिनीवर असताना, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. नवीन बुशं बसवून बोल्ट ढिलेच ठेवा, आर्म जॅकने उचलून तेच अंतर आणा, गाडी स्टँडवर पक्की असल्याची खात्री करा आणि मग ठरलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) आवळा. सेल्फ-लॉकिंग नट नवीन घ्या. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या.