‘वस्तुमानकेंद्रावर निशाणा’ की ‘छातीच्या मध्यावर नेम’?

प्रश्न: स्वसंरक्षणासाठी पिस्तूल कसं वापरावं, याविषयीच्या एका प्रशिक्षण-पुस्तिकेचं भाषांतर करते आहे. त्यात ‘सेंटर ऑफ मास’वर ‘एम’ करा, असं वाक्य आहे. मी ‘हल्लेखोराच्या वस्तुमानकेंद्रावर निशाणा साधा’ असं लिहिलं. एका वाचकाने ‘नेम धरा’ सुचवलं, दुसऱ्याने ‘लक्ष्य करा’. यांत खरंच फरक आहे का? पुढचं वाक्य तर अडलंच आहे: ‘गोळी थांबवण्यासाठी मारा, मारण्यासाठी मारू नका.’

उत्तर: आधी ‘वस्तुमानकेंद्र’ काढून टाका. शब्द पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात अगदी योग्य आहे, पण इथे तो अर्थच बदलतो. उभ्या माणसाचं वस्तुमानकेंद्र जमिनीपासून त्याच्या उंचीच्या साधारण ५५ टक्क्यांवर, म्हणजे बेंबीच्या खाली, कटीच्या भागात असतं. पिस्तुलाचं प्रशिक्षण देणारे मात्र हा शब्दप्रयोग छातीच्या मध्यासाठी करतात, आणि माणूस अर्धा आडोशामागे असेल तर त्याचा जेवढा भाग दिसतो त्याच्या मध्यासाठी. इंग्रजीतही तो बोलीभाषेतला सैल प्रयोग आहे, शास्त्रातली संज्ञा नाही. तुमचं वाक्य शब्दशः पाळणाऱ्याचा नेम वीतभर तरी खाली जाईल.

मराठीत ‘छातीचा मध्य’ किंवा ‘धडाचा मध्य’ असं साधं म्हणावं. मला ‘धड’ हा शब्द फार जवळचा वाटतो. डोकं, हात, पाय वगळून उरतं ते धड, आणि ‘धडधाकट’, ‘धड बोलत नाही’ यांतला सगळं, नीट, पुरतं असा अर्थही त्याच रूपात भेटतो. मध्यावरच नेम का, तेही या शब्दाने पटकन समजावता येतं. धड हा शरीराचा सगळ्यांत रुंद आणि सगळ्यांत कमी हलणारा भाग. घाबरलेल्या हाताचा नेम थोडा चुकला तरी गोळी धडावरच लागण्याची शक्यता जास्त. पाय आणि हात बारीक, सतत हलणारे. तिथे नेम धरला की गोळी हुकते, आणि हुकलेली गोळी मागे उभ्या असलेल्या कुणाला तरी लागू शकते. शिवाय मांडीतून मोठी धमनी जाते, त्यामुळे ‘पायावर मारली की नुसता जायबंदी होईल’ हा समजही खरा नाही.

याच ठिकाणी ‘मर्मस्थान’ हा शब्द वापरायचा मोह होईल, तोही टाळा. सुश्रुतसंहितेत १०७ मर्मं सांगितली आहेत, त्यांत हातापायांवरचीही आहेत. ‘मर्मावर नेम धरा’ म्हटलं की वाचक नेमका एखादा बिंदू शोधू लागेल, आणि पुस्तिकेला तर त्याच्या उलट सांगायचं आहे. (मराठीतलं ‘वर्म’ हे याच ‘मर्म’चं रूप मानतात. संस्कृतात ‘वर्म’ म्हणजे चिलखत. चिलखताचा शब्द आणि जिथे घाव बसतो त्या जागेचा शब्द मराठीत एकसारखे झाले, हे मला नेहमी थक्क करतं.)

आता ‘निशाणा’. हा फारसी ‘निशान’च्या कुळातला: खूण, चिन्ह. ‘निशाण’ म्हणजे झेंडा आणि ‘निशाणी’ म्हणजे खूण, हे शब्द मराठीत कधीचे रुळले आहेत. ‘निशाणा साधला’ मात्र हल्ली बातम्यांच्या मथळ्यांतून फार बोकाळलाय, तोही बहुतेक हिंदीच्या वळणाने आणि बहुतेक टीका करणे या अर्थी. त्याला अगदीच चूक म्हणणार नाही. पण ज्या वाचकाने हा प्रयोग रोज राजकारणाच्या बातमीत वाचलाय, त्याला तो इथे पोकळ वाटेल.

‘लक्ष्य’ संस्कृत ‘लक्ष्’पासून, म्हणजे पाहणे, ध्यान देणे. जे पाहायचं ते लक्ष्य. म्हणून लक्ष्य ही समोरची वस्तू, आणि तिच्याकडे शस्त्र वळवण्याची कृती वेगळी. ‘लक्ष्य ओळखा’, ‘लक्ष्याच्या मागे काय आहे ते पाहा’ इथे हाच शब्द हवा. दुसरी सूचना बंदूक हाताळण्याच्या त्या प्रसिद्ध चार नियमांपैकी चौथ्यातली आहे, तुमच्या पुस्तिकेतही ती असेलच. ‘लक्ष्य करणे’ मात्र मराठीत हेरून, ठरवून कुणाच्या मागे लागण्याच्या छटेचं आहे. स्वतःचा जीव वाचवणाऱ्याच्या तोंडी ते शोभत नाही. ‘टिपणे’चंही तेच. टिपतो तो शिकारी, लपून बसलेला.

तेव्हा ‘नेम’. आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठीतल्या सुंदर शब्दांपैकी हा एक आहे. ‘नेम’ आला ‘नियम’मधून. ‘नित्यनेम’, ‘नेमाने’, ‘नेमस्त’ यांत तो नियमच आहे. ठरवून दिलं ते ‘नेमलं’, आणि ठरल्या जागी बरोबर बसलं ते ‘नेमकं’. ‘त्याचा काही नेम नाही’ म्हणजे तो काय करील ते ठरलेलं नाही. शस्त्राचा नेमही याच घरातला: गोळी कुठे जायची ती जागा आधी ठरवणं. म्हणून नेम ‘धरतात’, नेम ‘साधतो’, ‘बसतो’, ‘चुकतो’, ‘हुकतो’. निशाण्याला एवढी क्रियापदं मराठीत कधी मिळाली नाहीत.

याला जोडीदार आहे ‘शिस्त’. आज शिस्त म्हटलं की शाळा आणि कवायत आठवते. पण हा फारसी शब्द मराठीत नेम या अर्थानेही होता. जुन्या मराठीत ‘शिस्त धरणे’, ‘शिस्त बांधणे’ म्हणजे बंदुकीचा नेम धरणे. फारसीत ‘शस्त’ म्हणजे अंगठा, आणि धनुष्य ओढताना अंगठ्यात घालायची कडीही. म्हणजे एक शब्द संस्कृतातून आला, एक फारसीतून, आणि दोघांनीही मराठीत एकाच वेळी नियम आणि नेम असे दोन्ही अर्थ बाळगले. ‘शिस्त’ या अर्थी आज परत आणा असं म्हणणार नाही, वाचक गोंधळेल. पण भाषांतर करताना हे मनात असू द्या. मला तरी हे कळल्यापासून ‘नेम धरा’ हे वाक्य नुसतं डोळ्यांचं आणि हातांचं राहिलेलं नाही.

चौथा शब्द तुम्ही विचारला नाहीत, पण पुस्तिकेत तो पदोपदी लागेल: ‘रोखणे’. रोख म्हणजे दिशा, तोंड. त्यावरून ‘पिस्तूल रोखलं’. आणि ‘रोखणे’ म्हणजे अडवणे, थांबवणे हेही आहेच. दोन्ही वेगळे ओळखायचे ते विभक्तीवरून: ‘त्याच्यावर पिस्तूल रोखलं’, पण ‘त्याला रोखलं’. नेम आणि रोख यांतही फरक ठेवा. रोख ढोबळ, नेम नेमका. पिस्तूल बाहेर काढल्यावर त्याचा रोख कुठे आहे ही सुरक्षिततेची बाब, नेम त्यानंतरचा.

याच ‘रोखणे’मुळे तुमचं अडलेलं वाक्य सुटतं. अडचण ‘मारणे’ची आहे. मराठीत दगड मारतात, हाक मारतात, गोळी मारतात आणि जीवही मारतात. एका वाक्यात ते तीनदा आलं की अर्थ घसरतो. गोळीच्या कृतीला ‘झाडणे’ घ्या, जिवे घेण्याला ‘ठार मारणे’, आणि थांबवण्याला ‘रोखणे’. ‘गोळी घालणे’ इथे अजिबात नको, त्यात ठार करण्याचा हेतू बोलतो. आणि हेतूच इथे महत्त्वाचा आहे: हल्ला थांबला की गोळीबारही थांबला पाहिजे, हे पुस्तिकेचं म्हणणं क्रियापदातच दिसायला हवं. म्हणून:

‘हल्लेखोराच्या छातीच्या मध्यावर नेम धरा. गोळी झाडायची ती त्याला रोखण्यासाठी, ठार मारण्यासाठी नव्हे.’

पहिल्या वाक्याच्या आधी ‘जिवावर बेतलं असेल आणि दुसरा मार्ग नसेल तरच’ हे मूळात असेल तर ते गाळू नका, आणि वाक्याच्या शेवटीही ढकलू नका. मराठीत अट आधी येते, आज्ञा नंतर.

एक छोटी दुरुस्ती. मसुद्यात ‘पिस्तूलचा’, ‘पिस्तूलने’ असं दिसतं. शब्द नपुंसकलिंगी, ‘ते पिस्तूल’; पण प्रत्यय लागताना ‘फूल’चं ‘फुलाचा’ होतं तसंच ‘पिस्तुलाचा’, ‘पिस्तुलाने’, आणि स्तु ऱ्हस्व.